गोफण

पार्वतीबाईनं आपल्या लेकीचा खेळ आठ वर्षांत एकदाही डोळ्यांनी पाहिला नव्हता. पाहिलं ते खेळून घरी आलेलं अंग. गुडघ्यांची निघालेली सालटं, कोपरांवरचे काळे डाग, एकदा हनुवटीला पडलेले तीन टाके. खेळ म्हणजे काय, तर पायांना चार-चार चाकांचे बूट बांधायचे आणि सिमेंटच्या फरशीवर एका पोराच्या हातात हात देऊन गरागरा फिरायचं, एवढं तिला ऐकून माहीत. आता हे गावातल्या बायांना समजावून सांगायचं तरी कसं? कुणी विचारलं, "काय करती गं तुझी प्रतिक्षा बाळापुरात?" की ही म्हणायची, "शाळंत खेळती," आणि लगेच विषय बदलायची.

डोंगरकडा गावच्या ग्यानबाची ही एकुलती एक पोर. तिला हे खूळ लावलं धर्मसिंग सरांनी. आखाडा बाळापूरच्या शाळेत ते पीटीचे मास्तर. तरुणपणी पुण्यात शिकायला होते, तिथं त्यांना ह्या चाकांच्या खेळाची गोडी लागली, आणि नोकरी लागली ती आपल्या मुलखात. दुसरा असता तर खो-खो कबड्डीवर भागवलं असतं. ह्या गड्यानं पगारातून जुने बूट आणले, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगचा मोठा ओटा झाडून घेतला आणि सत्त्याण्णव साली पाचवी ते आठवीच्या लेकरांना चाकांवर उभं केलं. लेकरं धडाधड आपटली. आयांनी येऊन सरांना तोंडावर शिव्या दिल्या. महिन्याभरानं ओट्यावर उरली दोनच. एक प्रतिक्षा आणि दुसरा डोंगरकड्याशेजारच्या तांड्यावरचा जगन, देविदासचा पोरगा, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा.

सर म्हणाले, ह्यांची जोडी करू. जोडीच्या खेळात पोरगा पोरीला उचलतो, फिरवतो, वर फेकून झेलतो. हे घरी कळलं आणि भडका उडाला. ग्यानबाचा थोरला भाऊ संतराम, त्याच्या आवाजानं गोठ्यातली जनावरं उठायची, तो अंगणात उभा राहून ओरडला, "आपली पोर, आन् तांड्यातलं पोरगं तिच्या कमरंला हात लावणार? लाज सोडली का रे ग्यानबा?"

ग्यानबा तसा तिरसट माणूस, पण पोरीपुढं त्याचं काही चालायचं नाही. त्यानंच तोड काढली. राखीपुनवेला जगनला घरी बोलावलं, पाटावर बसवलं आणि प्रतिक्षाच्या हातानं राखी बांधवली. "झाला आता हा तिचा भाऊ. भावानं बहिणीला धरलं तर कुणाच्या बापाचं काय जातं?" मग जगनकडं वळून म्हणाला, "पण एक ध्यानात ठेव पोरा. अख्खी नेतूस, अख्खी आणून द्यायची."

जगननं मान हलवली. बारा-तेरा वर्षांचं पोरगं, त्याला त्या बोलण्याचं काय वजन कळणार! पार्वतीबाईला मात्र ओवाळणीचं ताट हातात असतानाच कसंतरी झालं. आपल्या माणसानं असं काहून बोलावं? अख्खी नाही तर काय तुकडे येणार होते पोरीचे? तिनं मनातल्या मनात खंडोबाचं नाव घेतलं आणि ताट आत नेलं.

पुढं जोडी चालायला लागली. तालुका झाला, जिल्हा झाला, विभाग झाला. मधेच हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि सरांच्या अंगात तर वारंच शिरलं, कारण नव्या जिल्ह्याच्या नावावर ह्या खेळातली ही एकच जोडी. दोन हजार एक साली पहिल्यांदा राज्याला गेले, तिथं सातवा नंबर. दुसऱ्या वर्षी पाचवा. मग लागोपाठ दोन वर्षं दुसरा. पहिला नंबर दर वेळी पुण्याच्या एका जोडीचा. पहिला येईल त्यालाच देशपातळीवर जायला मिळतं, दुसऱ्याला टाळ्या मिळतात. आठ वर्षं घाम गाळून टाळ्या घेऊन परत यायचं, म्हणजे काय होत असेल पोरीचं! प्रतिक्षा रडत नसे. घरी येऊन बूट उलटे करायची आणि चाकांत तेल सोडत बसायची.

सर म्हणाले, पुण्याची जोडी एक डाव करती, तो आपण करत न्हाई. तो आला की सोनं आपलं.

तो डाव असा. पोरगा मधे उभा राहून स्वतःभोवती फिरतो. पोरगी त्याच्या एका हाताला धरून जवळजवळ आडवी होते आणि त्याच्याभोवती फिरायला लागते, पाय जमिनीवर, बाकी अंग हवेत, डोकं फरशीपासून वीतभर वर. वेग वाढला की वितेची चार बोटं होतात. ह्या डावाला इंग्रजी पुस्तकात मोठं भयंकर नाव होतं म्हणे, सर ते तोंडानं घेत नसत. पोरांनीच त्याला गोफण म्हणायला सुरुवात केली. ज्वारीवरची पाखरं हाकायला फिरवतात ती गोफण, तशीच गरगर.

"धरता कशाला गं?" पार्वतीबाईनं एकदा भाकरी थापताना विचारलं.

"मनगटाला. हे बघ माय, तू माझं मनगट धर, मी तुझं धरते." प्रतिक्षानं आईचा पिठाचा हात पकडला. पोरीची पकड अशी की पार्वतीबाईच्या बांगड्या कातड्यात रुतल्या. "असं. मनगटात मनगट. सुटत न्हाई."

"आन् सुटलं तर?"

"सुटतच न्हाई म्हणून राहिले ना तुला!"

पार्वतीबाईनं हात सोडवून घेतला आणि तव्यावरची भाकरी उलटली. भाकरी करपली होती. त्या दिवसापासून बाईचा जीव कायमचा टांगणीला. पोरगी सकाळी सहाच्या यष्टीनं बाळापूरला निघाली की हिचं ध्यान तिकडं. दाणे निवडताना दाण्यांत लक्ष नाही, भाजीत मीठ दोनदा. एकदा प्रतिक्षा घरी आली ती डोक्याला रुमाल बांधून. रुमाल सोडला तर शेंडीच्या जागेला रुपयाएवढं टक्कल. शेपटा चाकात अडकला आणि मुळापासून आला, असं म्हणून ती चक्क हसली. पार्वतीबाईनं तिला हसण्याबद्दल एक ठेवून दिली आणि मग तिच्याच गळ्यात पडून रडली.

"बंद कर बाई हे," ती म्हणाली. "मला लई वंगाळ वाटून राहिलंय."

"एवढं एक साल," प्रतिक्षा म्हणाली.

ते साल दोन हजार पाचचं. पोरगी एकोणिसाची झालेली, वसमतकडचं चांगलं स्थळ चालून आलं. मुलगा पतपेढीत नोकरीला, घरची बागायत, सासू बोलायला गोड. ग्यानबानं सुपारी फोडली. मे महिन्यातला रविवार लग्नाला धरला. राज्याच्या स्पर्धा खरं तर फेब्रुवारीतच व्हायच्या, म्हणजे कशाचा कशाशी संबंध नव्हता. पण त्या एकदा पुढं गेल्या, परत पुढं गेल्या, आणि शेवटी सरांच्या खटपटीनं ठरल्या हिंगोलीलाच. तारीख आली लग्नाच्या दोनच दिवस आधीची, शुक्रवारची.

ग्यानबानं ऐकल्या ऐकल्या नाही म्हटलं. संतराम तर म्हणाला, सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर पोरगी दारातच राहील. प्रतिक्षानं आकांडतांडव केलं नाही. बापापुढं येऊन बसली.

"बाबा, आठ वर्षं झाली. तुमी म्हणाल तिथं लग्न करते, तोंडातून शब्द काढला का? एक दिवस द्या मला."

ग्यानबानं बराच वेळ तंबाखू मळली. मळून मळून तिचा भुगा झाला तरी तोंडात टाकीना. "शुक्रवारी सकाळी जायचं. दिवस मावळायच्या आत घरात," तो म्हणाला. "आन् पारू, तू जा तिच्यासंगं. मला मांडव बघायचाय."

पार्वतीबाई त्या क्षणी मनात म्हणाली, देवा, हे काय माझ्या पदरात टाकलंस. आठ वर्षं डोळे मिटून काढली, आणि आता शेवटी जाऊन बघायचं! तिला दुसरं काही नको होतं. सोनं नको, चांदी नको. पोरगी रविवारी दोन पायांवर बोहल्यावर उभी राहावी, एवढंच.

गुरुवारी मांडवाची मुहूर्तमेढ रोवली. खड्डा खणताना दोन हातांवर दगड लागला. दुसरीकडं खणलं, तिथंही दगड. शेवटी मेढ कशीबशी उभी केली तर ती जराशी कलली. पुरुषांनी तिला तार बांधली, चहा प्याले आणि गेले. पार्वतीबाई मात्र तिथंच उभी. तिची थोरली जाऊ नानीबाई, म्हणजे संतरामाची बायको, जवळ आली. ह्या नानीबाईला गावात कुणाचंही लग्न असो, रीतभात विचारायला लोक यायचे. कोणत्या दिवशी काय वाढायचं, कुणी कुणाच्या पाया पडायचं, सगळं तिला पाठ.

"तू उद्या लगीनघरातली पोर शिवंबाहेर नेऊन राहिलीस," नानीबाई म्हणाली. "पाचशे माणसं बघणार तिच्याकडं. मेढ बघितलीस ना कशी ऱ्हायली?"

"मग काय करू आक्का? ती ऐकत न्हाई, तिचा बाप ऐकत न्हाई."

"चोर हळद लाव."

आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत हळद लागते, ती सगळ्यांना ठाऊक. पण त्याच्याही आधी घरातल्या सवाष्णी गुपचूप नवरीला थोडी हळद लावतात. ना वाजंत्री, ना गाणं, ना कुणाला आवतण. ती चोर हळद. खरी हळद लागेपर्यंत ती अंगावरच ठेवायची, धुवायची नाही.

"हळदीच्या अंगानं घराबाहेर पडू नये म्हणतात ना पण?" पार्वतीबाई म्हणाली.

"उघड्या हळदीला नजर लागती म्हणून न्हाई पडायचं. चोर हळद कुणाला दिसतीय? अंगात घातलेल्या चिलखतासारखी ऱ्हाती ती." नानीबाईनं हे असं ठासून सांगितलं की शंका घ्यायची सोयच नाही.

शुक्रवारी पहाटे दोघी जावांनी प्रतिक्षाला आतल्या खोलीत पाटावर बसवलं. घरच्याच शेतातली हळद, नुकती दळलेली, करडईच्या तेलात कालवून घट्ट केलेली. आधी पाय, मग गुडघे, मग दंड, खांदे, कपाळ. कपाळाचं बोटभर पुसून टाकलं, म्हणजे कुणाला दिसू नये. नानीबाई लावून झाली. मग पार्वतीबाई बसली. पाय, गुडघे. हाताशी आली तसा प्रतिक्षानं हात मागं घेतला.

"माय, हाताला नको."

"काहून नको? हातावरच तर तुमचा सगळा भार. तूच म्हणलीस ना, मनगटात मनगट? मग तिथंच तर पाहिजे." तिनं पोरीची दोन्ही मनगटं धरून हळद चोळली. बोटांच्या पेरापर्यंत चोळली. आतल्या बाजूला नाडी लागते तिथं तर दोनदा चोळली. मग ती मुरावी म्हणून वरून अजून तेलाचं बोट फिरवलं.

"अगं पण..."

"धुवायची न्हाई हं," नानीबाई मधेच म्हणाली. "चोर हळद धुतली की नवऱ्याच्या जिवावर येतं. माझ्या माहेरच्या एकीनं धुतली व्हती. सव्वा महिन्यात कपाळ पांढरं."

प्रतिक्षा आईकडं बघत राहिली. पार्वतीबाईला वाटलं, नानीबाईनं हे सांगायला नको होतं. पण आता सांगितलंच होतं, तर तिनंही त्यावर आपला शिक्का मारला. "धुवायची न्हाई. माझ्या गळ्याची आण हाये तुला."

लेक पाटावरून उठली. लांब बाह्यांचा सदरा अंगात घातला आणि बुटांची पिशवी उचलली.

सरांनी भाड्यानं जीप केली होती. जगन पुढं बसलेला, एकवीस वर्षांचा उंचपुरा पोरगा झालेला, दंड असे की बाही ताणलेली. "मावशी, पहिल्यांदा येऊन राहिल्या तुमी," तो मागं वळून हसला. "आज बघाच." पार्वतीबाईनं त्याच्या हातांकडं बघितलं. मोठाले, घट्टे पडलेले हात. तिला बरं वाटलं. एवढ्या हातातून काय सुटणार? जीप कळमनुरी ओलांडून हिंगोलीला पोचेपर्यंत ती देवाचं नाव घेत राहिली आणि पोरगी खिडकीतून बाहेर बघत राहिली.

मैदानावर सिमेंटची लांबरुंद फरशी केली होती, भोवती कमरेएवढा कठडा. वर ताडपत्री बांधलेली, तरी सकाळी दहालाच ऊन अंगावर यायला लागलं. पार्वतीबाई बायांच्या पायऱ्यांवर खालून तिसऱ्या रांगेत बसली. आधी पुण्याची जोडी झाली. पोरगी इतकी हलकी की वाऱ्यानं उडावी, आणि गोफण घेतली तेव्हा सगळी पायरी 'अरे देवा' म्हणून पुढं झुकली. पार्वतीबाईनं डोळे मिटून घेतले. टाळ्या ऐकून उघडले.

मग तिला समोरच्या कठड्याशी प्रतिक्षा आणि जगन दिसले. खेळाचे निळे कपडे, पूर्ण बाह्यांचे, फक्त मनगटं उघडी. सरांनी खडूच्या भुकटीचा डबा पुढं केला. जगननं तळव्यांना भुकटी लावली, मग प्रतिक्षाचं मनगट हातात घेतलं. धरलं आणि लगेच सोडलं. स्वतःच्या तळव्याकडं बघितलं. मग चड्डीला तळवा पुसला.

पार्वतीबाईला तिथूनही दिसलं. निळ्या कपड्यावर पिवळा पट्टा उमटला होता.

जगननं रुमाल काढून तिचं मनगट पुसलं, परत भुकटी लावली. भुकटीचा नुसता चिखल झाला असावा, कारण त्यानं तो बोटांनी निपटून काढला. तो तिला काहीतरी सांगत होता. पाण्याच्या टाकीकडं हात करत होता. प्रतिक्षा मान हलवत होती, नाही, नाही. सर दुसरीकडं तोंड करून पंचांशी बोलत होते. जगननं दोन बोटं हवेत फिरवली आणि हात आडवा केला, म्हणजे गोफण सोडून देऊ असं असावं. त्यावर पोरीनं असं बघितलं त्याच्याकडं की त्यानं हात खाली घेतला.

पार्वतीबाईला पहाट आठवली. तेल! अगं बाई, तेल! जन्मभर रहाटाला, कुळवाला, सायकलीच्या साखळीला तेल लावलेली बाई ती, तिला तेल काय करतं हे माहीत नव्हतं? पहाटे तिची अक्कल कुठं गेली होती? ती ताडकन उठली. बायांच्या पायांवरून पाय देत खाली उतरायला लागली.

"धू म्हणाव तिला!" ती ओरडली. "पोरी, धू! मी सांगून राहिले, धू!"

त्याच वेळी भोंग्यावर जोडीचं नाव पुकारलं गेलं. हिंगोलीची जोडी म्हटल्यावर सगळं मैदान उठून शिट्ट्या मारायला लागलं. गाणं लागलं. बिल्ला लावलेल्या एका पोरानं पार्वतीबाईला कठड्याशी अडवलं. "माऊली, खाली बसा, मागच्यांना दिसत नाही." ती त्याला ढकलत राहिली, तो हात जोडत राहिला.

आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिनं आपल्या लेकीचा खेळ पाहिला.

काय पोरगी होती! घरात वाकून चालणारी, भांडी घासताना गुणगुणणारी ही पोर त्या फरशीवर अशी निघाली की पार्वतीबाईला क्षणभर ती आपली वाटेचना. जगननं तिला कमरेला धरून डोक्यावर उचललं तेव्हा ती हात पसरून हसत होती. पंच पुढं सरकून बसले. फेक झाली, झेल झाला. कमरेला हळद नव्हती, तिथं सगळं चोख. पार्वतीबाईचे ओठ चालू होते, नको घेऊ गोफण, नको घेऊ माय माझी, राहू दे सोनं.

जगन मधे थांबला. प्रतिक्षानं हात पुढं केला. त्यानं तिचं मनगट धरलं, मग दुसऱ्या हातानंही धरलं, दोन्ही हातांनी. डावात तसं नसतं, हे पार्वतीबाईलाही कळलं. एक फेरी झाली. दुसरी झाली, डोकं वीतभर. तिसरीला लोक मोजायला लागले. तीन, चार. जगनचा चेहरा तिच्या समोरून गेला, दात आवळलेले, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. पाचव्या फेरीला त्याची बोटं मनगटावरून तळहातावर आली, तळहातावरून पेरांवर आली, आणि मग त्याच्या हातात काही उरलं नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. पोरगी फरशीवरून घसरत गेली आणि कमरेनं कठड्यावर आदळली. गाणं तसंच वाजत राहिलं. जगन तिच्यामागं पालथा झेपावला होता, त्याचा खांदा निखळून हात लोंबत होता, तरी तो कोपरावर सरपटत तिच्यापर्यंत गेला.

त्याच जीपनं नांदेडला नेलं. ग्यानबा, संतराम आणि नानीबाई दुपारी चारला दवाखान्यात पोचले, मांडवाचं सामान तसंच टाकून. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवले. खुब्याचं हाड मोडलंय, कण्याला मार आहे. जीव वाचलाय. पाय हलतील की नाही ते आज सांगता येणार नाही. ग्यानबा भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. सोयऱ्यांना कुणीतरी फोन केलाच होता. त्यांनी विचारलं फक्त एवढंच, की पोरगी लग्नाच्या दोन दिवस आधी तिथं करत काय होती. मग फोन ठेवून दिला.

जगन बाकावर बसलेला, खांदा बसवून हात गळ्यात बांधलेला. संतराम सरळ त्याच्यावर गेला. गचांडी धरून त्याला उभं केलं.

"सोडलास ना? सोडलास ना हात? आठ वर्षं तुला आमच्या घरात ताटाला ताट लावून जेवू घातलं!" त्यानं एक कानाखाली वाजवली. धर्मसिंग सर मधे पडले तर त्यांनाही ढकललं. "तुझ्या तांड्याला सांगून ठेव. ह्या पोरीचा पाय हलला न्हाई तर तुझाबी हलू देणार न्हाई."

जगननं डोळे वर केले नाहीत. "सुटला काका," तो म्हणाला. "माझ्याच हातून सुटला."

पार्वतीबाई चार पावलांवर उभी. तिला कळलं, हे पोरगं बोलणार नाही. मारून टाकलं तरी बोलणार नाही. आपण तोंडाला कुलूप लावलं तर गोष्ट इथंच मिटते. नानीबाई तिला खेटून उभी होती, तिनं पदराआडून तिचा हात दाबला. "गप ऱ्हाय," ती पुटपुटली. "झालं ते झालं. आता बोलून पोरीचा पाय येणार हाये का? उलट तुझंच घर बसंल."

खरंच बसलं असतं. ग्यानबानं तिला जन्मात माफ केलं नसतं. गाव म्हणालं असतं, आईनंच लेकीला पांगळी केली.  संतरामानं दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा जगननं चेहरा आडवासुद्धा केला नाही. ते बघून मात्र बाईचं काळीज फाटलं.

"भावजी, त्याला सोडा," ती म्हणाली.  "त्यानं न्हाई सोडला हात. मी सोडवला."

"काय बोलून राहिलीस तू?"

"मी तेल लावलं. पहाटे. चोर हळद लावली तिच्या मनगटांना, ती नको नको म्हणत व्हती तरी लावली. त्यानं दोन्ही हातांनी धरलं व्हतं तिला. मी बघितलं. ह्या पोराला बोट लावायचं न्हाई कुणी. मारायचं तर मला मारा."

संतरामाचा हात खाली आला. नानीबाई तोंड फिरवून खिडकीपाशी गेली. जगन पहिल्यांदा रडायला लागला, मोठ्यानं, लहान लेकरासारखा. ग्यानबानं भिंतीशी बसल्या बसल्या बायकोकडं बघितलं. तो शिव्या देईल, उठून मारेल, असं तिला वाटलं. त्यानं काहीच केलं नाही. नुसता बघत राहिला, आणि ते तिला मारण्याहून जड गेलं.

आतून सिस्टर आली. पोरगी शुद्धीवर आलीय, आईला बोलावतेय म्हणाली.

प्रतिक्षा पांढऱ्या चादरीत उताणी, कमरेपासून खाली लाकडी पट्ट्या बांधलेल्या. ओठ सुकलेले. दोन्ही हात चादरीवर पडलेले. पार्वतीबाई खाटेशी खाली बसली.  

"माय," पोरगी म्हणाली, "जगनला कुणी बोललं तर न्हाई ना? तो धू म्हणत व्हता. मीच न्हाई धुतलं."

"काहून गं? काहून न्हाई धुतलंस लेकरा?"

"तू आण घातली व्हतीस."

पार्वतीबाईनं खाटेच्या लोखंडावर कपाळ टेकलं. प्रतिक्षानं चादरीवरचे हात उलटे करून बघितले, मनगटांवर हळद अजून तशीच होती. मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, घरी परवानगी मागायची तसं.

"माय, आता लग्न न्हाई व्हायचं ना? मग आता धुतलं तर चालंल का?"

पार्वतीबाई उठली आणि पाणी आणायला गेली.